दार एक, बोली अनेक

'चारचाकी' हा शब्द आपण दिवसातून कितीदा तरी उच्चारतो. त्यात 'च' दोनदा येतो आणि दोन्ही वेळा तो वेगळा असतो. 'चार'मधला तालव्य, 'चाकी'मधला दंततालव्य. लिहिताना आपण कोणतीही खूण करत नाही, तरी मराठी माणूस वाचताना अडखळत नाही. अक्षर एकच असले तरी त्यामागचा संकेत त्याला ठाऊक असतो. मराठी नव्याने शिकणाऱ्याला मात्र हा संकेत कुणीतरी सांगावा लागतो. नुसते अक्षराकडे टक लावून पाहिल्याने तो कळत नाही.

आज आपल्या मोबाइलला, लॅपटॉपला, टॅबला, इतकेच काय दाढीच्या यंत्रालाही जे चपटे, दोन्ही बाजूंना गोलसर भोक असते, ते असेच एक अक्षर आहे. बाजारात त्याला 'सी टाइप' म्हणतात. मानकातले त्याचे नाव 'यूएसबी टाइप सी'. रुंदी आठ मिलिमीटरच्या किंचित वर, उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास. त्यातून वीज जाते, फाइली जातात, चित्र जाते, आवाज जातो. पण तुमच्या हातातल्या यंत्राच्या भोकातून यांपैकी नेमके काय जाईल, हे भोकाकडे पाहून सांगता येत नाही.

औरंगपुऱ्यात राहणाऱ्या आणि यंत्रे उघडून पाहण्याची जुनी खोड असलेल्या माझ्यासारख्याकडे हा प्रश्न गेली काही वर्षे वेगवेगळ्या तोंडून येतो आहे. "काका, केबल बसते, मग चालत का नाही?" बहुतेक वेळा विचारणारा दहावी-बारावीचा विद्यार्थी असतो, किंवा त्याची आई. घरात संगणक नाही, पण फोन आहे आणि टीव्ही आहे. धडे मोठ्या पडद्यावर दिसावेत म्हणून सी टाइप ते एचडीएमआय अशी केबल आणलेली असते. ती फोनमध्ये घट्ट बसते, टीव्हीतही बसते आणि पडदा काळाच राहतो. केबल बिघडलेली नसते, फोन बिघडलेला नसतो, टीव्हीही ठणठणीत असतो. पैसे मात्र गेलेले असतात. या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे तर एकाच भोकात अनेक मानके कशी नांदतात, हे मुळापासून पाहावे लागते.

आकार हाच नियम होता तेव्हा

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या संगणकाची पाठ आठवून पाहा. जांभळे गोल भोक कीबोर्डचे, हिरवे गोल भोक माउसचे, पंचवीस छिद्रांची लांबट खाच प्रिंटरची, पंधरा छिद्रांची निळी खाच पडद्याची. जोडणाऱ्याला मानकांची नावे ठाऊक नसली तरी चालत असे. जे जिथे बसेल ते तिथले. चुकीच्या जागी वायर सहसा बसत नसे आणि बसली की ती चालणार, याची बहुतेक खात्री असे. आकार हाच नियम होता.

वेगवेगळ्या मानकांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचा हा सर्वांत जुना मार्ग. आपल्या शहराने त्याची किंमत रेल्वेच्या रूपाने पुष्कळ वर्षे मोजली आहे. निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, सिकंदराबादहून औरंगाबादमार्गे मनमाडला येणारी रेल्वे झाली ती मीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतराची. मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग ब्रॉड गेजचा, १.६७६ मीटरचा. एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर जाऊच शकत नव्हता. प्रवाशांनी मनमाडला गाडी बदलायची आणि मालाची पोती हमालांनी एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायची. १९९०च्या दशकात गेज बदलले तेव्हा हे संपले. दोन मानके, दोन आकार आणि मध्ये हमाली, असा तो हिशेब होता.

दुसरा मार्ग आपल्या घराच्या भिंतीवर आहे. फ्रिज-गिझरसाठी जे सहा भोकांचे सॉकेट असते, त्यात जाड पिनांचा मोठा प्लगही बसतो आणि बारीक पिनांचा लहान प्लगही. जुन्या बोलीत पंधरा अँपिअरचा आणि पाच अँपिअरचा. इथे दोन मानके एकाच चौकटीत शेजारी शेजारी बसवली आहेत. दोघांना वीज त्याच दाबाची मिळते. कोण आले आहे, हे सॉकेटला विचारावे लागत नाही, कारण पिनेची जाडीच ते ठरवते.

तिसरा मार्ग असा की, आकार एकच ठेवायचा आणि आत आलेल्याला विचारायचे, 'तू कोण? तुला काय हवे? तुला काय येते?' टाइप सी हा या तिसऱ्या मार्गाचा आजवरचा सर्वांत मोठा प्रयोग आहे.

त्याचे एक छोटे पूर्वरूप पुष्कळांच्या खणात अजून पडलेले सापडेल. यूएसबी माउससोबत एक हिरवे टोपण मिळत असे. ते लावले की माउस जुन्या गोल भोकात चालायचा. त्या टोपणात कोणतीही चिप नव्हती, फक्त तारा इकडच्या तिकडे जोडलेल्या होत्या. हुशारी माउसमध्ये होती. त्याला दोन्ही बोली येत आणि समोर कोण आहे हे ओळखून तो योग्य ती बोलायचा. ते टोपण दुसऱ्या एखाद्या माउसला लावले, आणि त्याला दुसरी बोली येत नसली, तर बसूनही तो चालत नसे. टीव्हीच्या केबलचे उत्तर या हिरव्या टोपणात अर्धे सापडते.

इथवरचा प्रवास

यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्या उपकरणांना एकच जोडणी असावी, हा तिचा हेतू. तिच्या जनकांमध्ये इंटेलमधील अजय भट्ट यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. पहिल्या यूएसबीचा कमाल वेग सेकंदाला १.२ कोटी बिट होता. २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत तो ४८ कोटींवर गेला, २००८च्या तिसऱ्या आवृत्तीत ५ अब्जांवर. पण भोकांचे आकार वाढतच गेले. मोठे चौकोनी, प्रिंटरचे जवळजवळ चौरस, मिनी, मायक्रो, आणि पोर्टेबल हार्ड डिस्कला लागणारे दोन तुकड्यांचे रुंद. 'एकच जोडणी' म्हणवणाऱ्या मानकालाच अनेक तोंडे फुटली. ऑगस्ट २०१४मध्ये टाइप सीचे मानक आले ते हा पसारा आवरण्यासाठी.

दुसरीकडे इंटेलने थंडरबोल्ट नावाची वेगवान जोडणी तयार केली होती. २०११मध्ये ती ॲपलच्या लॅपटॉपमध्ये आली तेव्हा तिने स्वतःचे भोक आणलेच नाही. पडद्यासाठी आधीपासून असलेल्या मिनी डिस्प्लेपोर्टच्या भोकातच ती राहायला आली. त्याच भोकात साधा पडदा लावला तर तो चाले आणि थंडरबोल्टची हार्ड डिस्क लावली तर तीही. २०१५मध्ये जाहीर झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत थंडरबोल्टने ते बिऱ्हाड हलवले आणि टाइप सीच्या भोकात मुक्काम केला. त्या वेळचा तिचा वेग सेकंदाला ४० अब्ज बिट. २०१९मध्ये इंटेलने हे तंत्र यूएसबीच्या संघटनेला दिले आणि त्यातून त्याच वर्षी 'यूएसबी ४' जन्मले. म्हणजे १९९६च्या माउसची बोली आणि २०१९ची ही महावेगवान बोली, दोन्ही आज एकाच भोकातून बोलल्या जाऊ शकतात.

चोवीस पिना

भोकाच्या आत पाहिले तर मध्ये एक जिभेसारखी पातळ पट्टी दिसते. तिच्या वर बारा आणि खाली बारा अशा चोवीस पिना असतात. त्यांची वाटणी अशी आहे. चार पिना विजेच्या, चार जमिनीच्या. चार पिना यूएसबी २ या जुन्या बोलीसाठी. आठ पिना, म्हणजे चार जोड्या, वेगवान वाहतुकीसाठी. या जोड्यांना आपण मार्गिका म्हणू. दोन पिना किरकोळ कामांसाठी राखीव. उरलेल्या दोन पिना 'सीसी' नावाच्या. त्यांच्याकडे लक्ष द्यायला हवे, कारण या साऱ्या व्यवस्थेत द्वारपालाचे काम त्यांच्याकडे आहे.

वरच्या आणि खालच्या ओळी अशा मांडल्या आहेत की प्लग उलटा घातला तरी वीज विजेला आणि जमीन जमिनीलाच भेटते. मार्गिकांची अदलाबदल मात्र होते. ती निस्तरायची तर प्लग सुलटा आला की उलटा, हे यंत्राला कळायला हवे. त्यासाठी एक साधी युक्ती केलेली आहे. भोकात सीसीच्या पिना दोन, पण केबलमधून सीसीची तार एकच जाते. ती वरच्या पिनेला भिडली तर सुलटा, खालच्या पिनेला भिडली तर उलटा.

दार उघडण्यापूर्वीचे बोलणे

टाइप सीच्या चार्जरची केबल हवेत लोंबकळत असेल तर तिच्या विजेच्या पिनांवर वीज नसते. जुन्या यूएसबीत ती नेहमी हजर असे. इथे आधी ओळख पटावी लागते.

ओळखीची पहिली पायरी शब्दांशिवायची आहे. वीज घेणाऱ्या यंत्राने आपल्या दोन्ही सीसी पिनांवर ५.१ किलोओहमचा एकेक रोधक जमिनीला जोडलेला असतो. हा रोधक म्हणजे पै-पैशात येणारा मोहरीएवढा तुकडा. चार्जरला तो जाणवला की पलीकडे कुणी आहे हे त्याला कळते आणि तो ५ व्होल्ट सुरू करतो. चार्जरच्या बाजूलाही सीसीवर एक रोधक असतो आणि त्याच्या मूल्यावरून तो किती प्रवाह देऊ शकतो हे फोनला समजते.

दुसरी पायरी प्रत्यक्ष संभाषणाची. सीसीच्या त्याच एका तारेवरून दोन्ही टोके एकमेकांना सांकेतिक संदेश पाठवतात. चार्जर आपली यादी वाचून दाखवतो: ५ व्होल्ट देईन, ९ देईन, १५ देईन, २० देईन. फोन किंवा लॅपटॉप त्यातले एक मागतो. चार्जर ते मान्य करतो, दाब बदलतो आणि 'तयार आहे' असे कळवतो. या बोलणीला 'पॉवर डिलिव्हरी' म्हणतात. तिच्यातून पूर्वी १०० वॉटपर्यंत वीज मिळे. २०२१च्या सुधारणेनंतर ४८ व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे २४० वॉटपर्यंत मिळू शकते. लॅपटॉपचा तगडा चार्जर फोनला लावला तर फोन जळेल का, अशी भीती पुष्कळांना वाटते. दोन्ही बाजू मानकाप्रमाणे बनवलेल्या असतील तर तसे होत नाही. न मागता जास्त दाब दिलाच जात नाही.

या बोलण्यात केबललाही मत असते. ३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह न्यायचा असेल तर केबलच्या टोकात एक बारीक ओळख-चिप असावी लागते. चार्जर तिला विचारतो, 'तुला किती झेपेल?' चिपच नसेल तर केबल साधी समजली जाते आणि २० व्होल्टला ३ अँपिअर, म्हणजे ६० वॉटवर गाडी थांबते. शंभर वॉटचा चार्जर घेऊनही लॅपटॉप सावकाश भरतो, त्याचे कारण अनेकदा इथे असते.

तिसरी पायरी आपल्या टीव्हीच्या प्रश्नाची आहे. वीज ठरली की यंत्र समोरच्याला विचारते, 'यूएसबीखेरीज तुला आणखी कोणती बोली येते?' समोरून उत्तर आले की 'डिस्प्लेपोर्ट येते', आणि विचारणाऱ्यालाही ती येत असेल, तर दोघे ठरवून त्या रीतीत शिरतात. याला मानकात 'ऑल्टर्नेट मोड' म्हणतात, आपण 'पर्यायी रीत' म्हणू. डिस्प्लेपोर्टची पर्यायी रीत सप्टेंबर २०१४मध्येच जाहीर झाली होती. बाजारातल्या बहुतेक सी टाइप ते एचडीएमआय केबलांच्या आत एक चिप असते. ती डिस्प्लेपोर्टचे चित्र घेते आणि एचडीएमआयमध्ये बदलून टीव्हीला देते. पण आधी फोनने ते चित्र डिस्प्लेपोर्टच्या बोलीत पाठवायला हवे. पुष्कळ स्वस्त फोनांत ती बोली घातलेलीच नसते. कित्येकांत वेगवान मार्गिकांच्या पिना कुठेही जोडलेल्या नसतात, फक्त वीज आणि यूएसबी २. केबल वाट पाहते, फोन गप्प राहतो आणि पडदा काळा.

अशा वेळी जोडलेल्या उपकरणाने 'माझे इथे जमत नाही' असे यूएसबी २च्या बोलीत कळवावे, अशी सोय मानकात आहे. तिचे नाव 'बिलबोर्ड'. पण तो निरोप पडद्यावर दाखवायचा की नाही, हे यंत्र बनवणाऱ्याच्या हाती. म्हणून फलक असूनही तो गिऱ्हाइकाच्या नजरेला बहुधा पडत नाही.

वाटणी आणि रो-रो

दोन्ही बाजूंना एकच बोली आली तरी मार्गिका चारच असतात. म्हणून वाटणी आली.

समजा, लॅपटॉपला एक हब लावला आहे. त्यावर मोठा पडदा आहे आणि पेनड्राइव्हही आहे. ४के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली, तर गुणाकार सेकंदाला जवळजवळ १२ अब्ज बिट होतो. डिस्प्लेपोर्टच्या १.२ आवृत्तीत एका मार्गिकेतून प्रत्यक्ष उपयोगाचे ४.३२ अब्ज बिट जातात. दोन मार्गिकांत ८.६४ अब्ज, म्हणजे अपुरे. चार दिल्या तर १७.२८ अब्ज, म्हणजे पुरेसे. पण चारही मार्गिका चित्राला दिल्या की पेनड्राइव्हसाठी यूएसबी २ची जुनी पायवाट तेवढी उरते. चित्र छान दिसते आणि फाइल मात्र रांगत राहते. हब खराब आहे असे समजून लोक तो परत करतात. हब आपल्या वाटणीशी प्रामाणिकच असतो. दोन मार्गिका चित्राला आणि दोन फाइलींना, अशी वाटणी करणारे हबही मिळतात. तिथे फाइली धावतात, पण तेच चित्र सेकंदाला ३० वेळा समाधान मानते.

थंडरबोल्ट आणि यूएसबी ४ यांनी वाटणीचा हा तंटा वेगळ्या तऱ्हेने सोडवला. ते समजायला कोकण रेल्वेची रो-रो सेवा फार उपयोगी पडते. १९९९मध्ये कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी ती सुरू झाली. भरलेला ट्रक, चालकासह, थेट रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढतो आणि पलीकडे उतरून पुन्हा रस्त्याला लागतो. रुळावरून धावते ती रेल्वेच. ट्रक तिच्यावरचा माल असतो. मनमाडच्या हमालीचे हे उलटे टोक म्हणायचे. यूएसबी ४मध्येही असेच होते. चारही मार्गिकांवर एकच वेगवान गाडी धावते. चित्राचे, फाइलींचे, हार्ड डिस्कचे पुडके तिच्यावर चढतात आणि पलीकडच्या टोकाला उतरून आपापल्या बोलीत बोलू लागतात. मार्गिका कुणा एकाच्या नावे कायमच्या होत नाहीत. चित्राला जितकी जागा लागेल तितकी दिली जाते आणि उरलेली इतरांना मिळते. अर्थात, यासाठी दोन्ही टोकांना आणि मधल्या केबलला ही गाडी झेपायला हवी.

जिथे बोलणी फसते

आता या व्यवस्थेची दुसरी बाजू. आकार एक झाल्यामुळे गुंतागुंत संपली नाही, ती डोळ्यांसमोरून हलून आत गेली. पूर्वी जे बघून कळत होते ते आता विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायची सोय माणसाला नाही, यंत्रालाच आहे.

पहिले उदाहरण रोधकाचे. काही स्वस्त उपकरणांत ५.१ किलोओहमचे ते दोन तुकडे वाचवलेले असतात. अशी टॉर्च किंवा ट्रिमर जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलने भरतो, कारण तिथे वीज न विचारता मिळते. पण दोन्ही टोकांना सी टाइप असलेल्या केबलने, नव्या चार्जरवर, तो मेल्यासारखा पडून राहतो. चार्जर वाट पाहतो की पलीकडे कुणी आहे का, आणि पलीकडून हुंकारही येत नाही.

मोठ्यांच्याही हातून हे सुटते. जून २०१९मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या जगभर खपलेल्या छोट्या संगणकात दोन सीसी पिनांना मिळून एकच रोधक दिला होता. साध्या केबलने तो चाले. पण ओळख-चिप असलेली चांगली केबल लावली की चार्जरला भलताच हिशेब लागे. समोर हेडफोन जोडला आहे असे समजून तो वीजच देत नसे. चांगली केबल चालत नाही आणि साधी चालते, अशी उलटी गंगा. पुढच्या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली.

केबलचा प्रश्न तर अधिक गंभीर. गूगलमधील अभियंता बेन्सन लेउंग यांनी २०१५मध्ये बाजारातल्या केबली स्वतः विकत घेऊन तपासायला सुरुवात केली आणि निष्कर्ष उघडपणे लिहिले. जुन्या यूएसबीतून सी टाइपकडे जाणाऱ्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा रोधक हवा असताना अनेकांत १० किलोओहमचा होता. त्यामुळे केबल फोनला सांगे, 'हवा तर ३ अँपिअर घे', मग मागचा चार्जर किंवा लॅपटॉप तेवढा सक्षम असो वा नसो. फेब्रुवारी २०१६मध्ये तपासलेल्या एका केबलमध्ये वीज आणि जमीन यांच्या तारांचीच अदलाबदल झालेली होती. तिने त्यांचा लॅपटॉप निकामी केला. बाहेरून ती केबल इतर कोणत्याही केबलसारखीच दिसत होती.

त्यात भर नावांच्या गोंधळाची. सेकंदाला ५ अब्ज बिट या एकाच वेगाला आधी 'यूएसबी ३.०' म्हणत, मग 'यूएसबी ३.१ जेन १' म्हणू लागले, मग 'यूएसबी ३.२ जेन १'. वस्तू तीच, पाटी दोनदा बदलली. अखेर २०२२मध्ये संघटनेनेच सुचवले की खोक्यावर आवृत्त्यांचे आकडे टाळून थेट वेग लिहावा. शिवाय काही फोन कंपन्यांनी जलद चार्जिंगच्या स्वतःच्या खासगी बोली काढल्या. त्यांचा चार्जर, त्यांची केबल आणि त्यांचा फोन असे तिन्ही एकत्र आले तरच तो वेग मिळतो. तिऱ्हाईत चार्जर लावला की फोन सावकाश भरतो.

दुरुस्तीच्या टेबलावर आणखी एक अडचण. बदलण्यासाठी मिळणारे सी टाइपचे भोक चोवीस पिनांचेच असते असे नाही. सोळा पिनांचेही असते आणि नुसत्या विजेपुरते सहा पिनांचेही. तिन्हींचे तोंड सारखे. सोळा पिनांच्या भोकात वेगवान मार्गिका नसतात. सहा पिनांच्या भोकातून फाइल जाऊच शकत नाही. 'पोर्ट बदलला, चार्ज होतो, पण कॉम्प्युटर फोन दाखवत नाही', या तक्रारीमागे कधी कधी हेच असते.

कायद्याने काय साधले

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून फोन, टॅब, कॅमेरे, हेडफोन अशा वस्तूंना टाइप सीचे भोक बंधनकारक केले आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने टाइप सीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएस/आयईसी ६२६८०-१-३:२०२२ या क्रमांकाने स्वीकारले. ते जानेवारी २०२३मध्ये जाहीर झाले. हेतू चांगला आणि तातडीचा होता. घरोघरी खणात साठलेल्या चार्जरचा कचरा कमी व्हावा आणि ग्राहकाला दर फोनमागे नवा चार्जर घ्यावा लागू नये. नोकियाच्या बारीक पिनेपासून मायक्रो यूएसबीपर्यंत सगळ्या पिढ्या ज्यांनी सांभाळल्या, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण कायद्याने सारखे केले ते भोक आणि चार्जिंग. चित्र आणि वेग यांचे काय, हे उत्पादकावरच राहिले. सप्टेंबर २०२३मध्ये ॲपलने आयफोन १५मध्ये टाइप सी आणले. त्यातल्या साध्या फोनच्या भोकाचा फाइलींचा वेग ४८ कोटी बिट आणि त्याच दिवशी आलेल्या प्रो फोनच्या भोकाचा १० अब्ज बिट. वीसपटींहून अधिक फरक, आणि दोन्ही भोके जुळ्या भावंडांसारखी.

साहित्याच्या वाचकांना हा प्रसंग अनोळखी नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी लेखकाने संगणकावर लेख टाइप करून पाठवला आणि छापखान्यात तो फाँट नसला, की पडद्यावर निरर्थक चिन्हांचा सडा दिसे. दोन फाँटांत एकाच क्रमांकावर दोन वेगळी अक्षरे बसवलेली असत आणि फाइल स्वतःची ओळख सांगत नसे. त्याच काळात सरकारी पातळीवर इस्की नावाचे मानक होते. १९९१मध्ये ते भारतीय मानक झाले. त्यात 'क'ला एकच क्रमांक होता आणि तो देवनागरीत दाखवायचा, गुजरातीत की तेलुगूत, हे आधी ठरवून सांगावे लागे. सांगितले तर एकाच क्रमांकातून अनेक लिप्या वाचता येत. न सांगितले तर घोटाळा. एकाच जागेत अनेकांना नांदवायचे तर आपण कोण हे सांगण्याची शिस्त लागते, हा धडा आपल्या मुद्रणव्यवहाराने तेव्हाच घेतला आहे.

टाइप सीमध्ये यंत्रे ही शिस्त पाळतात. ती विकणारे पुरेशी पाळत नाहीत, हे खरे दुखणे आहे. फोनच्या खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ठळक असतात. भोक चित्र देते की नाही, हे बारीक अक्षरांतही पुष्कळदा नसते. ज्याच्याकडे चार यंत्रे आहेत त्याला एक केबल वाया गेली तरी फरक पडत नाही. ज्या घरात एकच फोन हाच संगणक, हीच शाळा आणि हीच बँक असते, तिथे भोक काय करू शकते हे आधी कळणे ही चैनीची गोष्ट नाही.

घेताना काय विचारावे

तोवर आपल्या हाती काही साधे प्रश्न आहेत. फोन टीव्हीला केबलने जोडायचा असेल तर त्याच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउट' हे शब्द आहेत का ते पाहावे. ते नसतील तर तसली केबल घेऊ नये. टीव्हीत सोय असल्यास वायफायवरून पडदा दाखवणे हा बिनखर्चाचा मार्ग आधी करून पाहावा. लॅपटॉपच्या भोकाशेजारी विजेच्या बाणाचे चिन्ह असेल तर ते बहुधा थंडरबोल्टचे; इंग्रजी डी आणि पी ही अक्षरे गुंफलेले चिन्ह असेल तर चित्र मिळते. काहीच चिन्ह नसेल तर माहितीपत्रक पाहिल्याखेरीज काही गृहीत धरू नये.

केबल घेताना दोन आकडे विचारावेत: किती वॉट आणि किती वेग. फोनच्या खोक्यात येणारी केबल बहुधा चार्जिंगपुरती असते आणि फाइलींसाठी यूएसबी २च्याच वेगाची. पोर्टेबल डिस्कसोबत आलेली केबल म्हणून जपून ठेवावी, ती चार्जरला लावून गुळगुळीत करू नये. दुरुस्तीला फोन दिला तर परत घेताना चार्जिंग पाहून थांबू नये. जिथे संगणक असेल तिथे जोडून एक फाइल जाते का, हेही पाहावे.

आणि दुकानदाराला विचारायला संकोचू नये. 'सी टाइप आहे का?' हा प्रश्न आता अपुरा झाला आहे, कारण त्याचे उत्तर नेहमीच 'हो' असते. 'हे भोक काय काय करते?' हा प्रश्न काउंटरवर रोज दहा गिऱ्हाइकांनी विचारला, तर दुकानदार तो घाऊक विक्रेत्याला विचारील आणि घाऊक विक्रेता कंपनीला. यूएसबीची मूळ मानके संघटनेच्या संकेतस्थळावरून कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या माझ्यासारख्याने ती तशीच, अडखळत, पान पान करून वाचली. जे कागदावर उघड आहे ते खोक्यावर चार ओळींत, मराठीत, छापायला काहीच हरकत नसावी.